छोट्या ट्रायथलॉनमध्ये तुमचा दम कुठे संपला?

काल तरणतलावात माझ्या शेजारच्या पट्ट्यात पोहणारी एक मुलगी मध्येच थांबली, तिने पट्ट्याचा दोर घट्ट धरला आणि "श्वासच मिळत नाही" एवढेच म्हणाली. मी तिला काठापर्यंत सोबत केली आणि थोड्या वेळात ती सावरलीही. घरी परतताना मला सारखी आठवत राहिली ती सहा वर्षांपूर्वीची सकाळ आणि माझी पहिली ट्रायथलॉन.

अंतर स्प्रिंटचे होते, म्हणजे ७५० मीटर पोहणे, २० किलोमीटर सायकल आणि ५ किलोमीटर धावणे. तलावात मी सलग हजार मीटर पोहत असे, त्यामुळे सारी धास्ती सायकलची होती. प्रत्यक्षात भोंगा वाजला आणि पहिल्या शंभर मीटरांतच माझा श्वास तुटला. पाणी थंड होते, तळ दिसत नव्हता, पुढच्या कोणाची तरी टाच लागून गॉगलच्या डाव्या काचेत पाणी शिरले होते आणि मी दर दुसऱ्या हाताला डोके वर काढून हवा ओढत होते. चूक हवा घेण्यात नव्हती, सोडण्यात होती, हे मला फार उशिरा कळले. घाबरलेला माणूस पाण्यात तोंड घातले की श्वास कोंडून धरतो. आतली हवा बाहेर पडत नाही म्हणून नवी आत मावत नाही, रक्तात कार्बन डायऑक्साइड साचत जातो आणि जीव अधिकच गुदमरतो. त्या क्षणी मला छातीवर कोणीतरी बसले आहे एवढेच कळत होते.

मी हात वर केला. कायाकवरचा, म्हणजे वल्ह्याच्या छोट्या अरुंद होडीतला, जीवरक्षक जवळ आला आणि म्हणाला, "धरा. धरून थांबलात म्हणून तुम्ही बाद होत नाही, फक्त मला तुम्हाला पुढे नेता येणार नाही. आता तोंड पाण्यात घाला आणि बुडबुडे सोडा." कायाकच्या टोकाला बांधलेली नायलॉनची ओली दोरी, तिची मधोमध उसवलेली वीण आणि तिच्याभोवती पांढरी पडलेली माझी बोटे मला अजून डोळ्यांसमोर दिसतात. मी वीस वेळा बुडबुडे सोडले, मोजून. उरलेले अंतर बहुतेक ब्रेस्टस्ट्रोकने कापले आणि बाहेर येऊन उभी राहताच भोवळ आली, कारण इतका वेळ आडवे असलेले शरीर एकदम उभे केले की रक्त पायांकडे उतरते. शर्यत मी पूर्ण केली. तरीही सायकलचे आणि धावण्याचे मला फारसे काही आठवत नाही, आठवते ती दोरीच.

ज्यांनी हे छोटे अंतर धडपडत पार केले असेल, त्यांनी आपला अनुभव जरूर लिहावा. अर्ध्यावर सोडलेल्या शर्यतींबद्दलही वाचायला मला आवडेल.

* * *

माझे अगदी उलट झाले. पाण्यातून मी बऱ्यापैकी पुढे बाहेर आलो आणि ट्रान्झिशनमध्ये, म्हणजे पोहून आल्यावर सायकल घ्यायच्या जागी, अडकलो. मी आधी सायकल स्टँडवरून काढली आणि हेल्मेट नंतर डोक्यावर चढवले. हेल्मेटचे बक्कल लागल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही, हा नियम मला पाठ होता, पण त्या घाईत त्याचा साफ विसर पडला. पंचांनी थांबवून सायकल परत जागेवर ठेवायला लावली. मग बक्कल लागेना. बोटे ओली होती आणि थरथरत होती, दोनदा हनुवटीखालची कातडी चिमटली गेली आणि तिसऱ्या खेपेला तो 'टक्' असा आवाज आला.

सातव्या किलोमीटरला चढ लागला. पेडलवर पूर्ण जोर असताना मी पुढची चकती बदलली आणि चेन उतरली. मागचा डिरेल्युअर, म्हणजे गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग, पुढे ढकलून चेन सैल करायची आणि खालून चकतीवर चढवायची, हे मी घरी कित्येकदा केले होते. त्या चढावर मात्र एकेक जण मागून येऊन पुढे निघून जात असताना मला ते जमता जमेना. त्या दिवसापासून चढ सुरू होण्याआधीच मी हलक्या गिअरवर येतो.

* * *

बाळ झोपले आहे तोवर विचारून घेते. चेन बसवायला किती वेळ गेला? पुढच्या महिन्यात माझी पहिली स्प्रिंट आहे आणि मला पंक्चरची फार भीती वाटते आहे.

* * *

ताई, चार मिनिटे तरी गेली असतील. पंक्चर जोडत बसू नका. एक सुटी ट्यूब, टायर काढायचे दोन लिव्हर आणि छोटा पंप खोगिराखालच्या पिशवीत ठेवा आणि मागचे चाक काढून ट्यूब बदलण्याचा सराव घरी पाच-सहा वेळा करा. मागचे चाक म्हणतो, कारण चेनमुळे तेच अवघड जाते.

* * *

गुडघे. सायकलवरून उतरून धावायला लागलो तेव्हा ते वाकलेलेच राहिले आहेत, सरळ होतच नाहीत, असे वाटत होते. सायकलवर आपले वजन खोगीर पेलत असते आणि पाय नुसते गोल फिरत असतात, त्यामुळे जमिनीवर आल्यावर प्रत्येक पावलाला सगळा भार झेलणे त्यांना चटकन जमत नाही. म्हणूनच सायकलनंतर लगेच धावण्याचा जोडसराव करतात, ज्याला ब्रिक म्हणतात. मी तो एकदाही केला नव्हता.

तिसऱ्या किलोमीटरला डाव्या पोटरीत वांब आला. स्नायू दगडासारखा वर गोळा झालेला हाताला लागत होता. १९८२ साली हवाईच्या आयर्नमॅन या लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉनमध्ये महिलांत आघाडीवर असलेली ज्युली मॉस अंतिम रेषेजवळ कोसळली आणि रांगत पोहोचून दुसरी आली, ती चित्रफीत मी सरावाच्या दिवसांत अनेकदा पाहिली होती. तिचे अंतर ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि ४२.२ किलोमीटर धावणे असे होते, माझे सगळे मिळून त्याच्या आठव्या हिश्श्याएवढेही नव्हते. मला स्वतःची लाज वाटली आणि त्या लाजेपोटी मी पोटरी न ताणता तसाच लंगडत निघालो, जे चूक होते. एका स्वयंसेवक काकांनी मला खाली बसवले, गुडघा सरळ ठेवायला सांगितला आणि पायाची बोटे माझ्याकडे ओढून धरायला लावली. मी शेवटून दुसरा आलो. माझ्या मागे असलेल्या बाई साठीच्या पुढच्या होत्या आणि त्या येईपर्यंत मी रेषेवरून हललो नाही.

* * *

मी शर्यत सोडली होती. पहिल्या तरंगत्या खुणेपाशी हात वर केला आणि बोटीत बसून परत आलो. घोट्यावरची टायमिंग चिप काढून देताना तिथल्या मुलीने माझे नाव यादीत शोधले, त्यापुढे खूण केली आणि कोरडा टॉवेल माझ्या हातात दिला. ती काहीच बोलली नाही, याबद्दल मी आजही तिचा आभारी आहे. पुढच्या वर्षी ४०० मीटर पोहण्याची सुपर स्प्रिंट पूर्ण केली आणि त्यानंतर दोन वर्षांनी ७५० मीटरची.

* * *

मी शर्यतींमध्ये कायाकवर असतो, म्हणून वरच्या दोन अनुभवांना जोडून लिहितो. जो हात वर करतो त्याची आम्हाला फारशी काळजी नसते, कारण तो दिसतो. काळजी असते ती न ओरडणाऱ्याची. त्याचे डोके मागे कललेले असते, तोंड पाण्याच्या पातळीवर आलेले असते, पाय चालत नसतात आणि त्याला हाकही मारता येत नाही. ज्यांची पहिलीच शर्यत आहे त्यांनी कडेने आणि सर्वांच्या मागून सुरुवात करावी, त्याआधी दोन-तीन मिनिटे पाण्यात उतरून चेहरा भिजवून घ्यावा आणि तरीही धाप लागलीच तर आधी उताणे व्हावे. पाठीवर असताना नाक-तोंड मोकळे राहते आणि मग हात वर करणेही सोपे जाते.

* * *

उताणे होण्याचे मला त्या दिवशी सुचलेच नव्हते. ती मुलगी आज पुन्हा तलावावर आली होती. उथळ बाजूला मी तिला आधी बुडबुडे सोडायला शिकवले, मग तुमचा प्रतिसाद आठवून पाठीवर तरंगायला लावले आणि तिच्या मानेखाली हात धरून उभी राहिले. तिने विचारले, "हात कधी काढणार?" तो मी केव्हाच काढून घेतला होता.