खांदेरीवरचा दिवा कुणाचा?

खारा वारा: परवा एका दुर्गप्रेमीने लिहिलं, "अलिबागजवळ थळसमोरच्या खांदेरी बेटावरचं इंग्रजांचं दीपगृह म्हणजे महाराजांच्या किल्ल्यावरचा डाग. आता जागतिक वारसा झालाय, तेव्हा तो मनोरा पाडा." खाली अंगठ्यांचा पाऊस! दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही. १६७९ मध्ये महाराजांनी तेच बेट का धरलं? मुंबईत शिरणारी जहाजं तिथून नजरेत राहतात म्हणून. १८६७ मध्ये इंग्रजांनी दिवा लावला तोही तिथेच, कारण वाट तीच. पारख महाराजांची, गोऱ्यांनी तिला मुकाट्याने मान दिला. आणि किल्ल्याच्या साडेतीनशे वर्षांतली दीडशेहून जास्त वर्षं हा मनोरा तिथे उभा आहे. तो उपरा कसा?

दुर्गवेडा: तो दुर्गप्रेमी मीच. 'पाडा' रागात लिहिलं, पण मुद्दा सोडणार नाही. लोक उतरतात, दिव्याखाली फोटो काढतात आणि होडीत बसतात. गाड्यासकट उरलेल्या तोफांकडे ढुंकून बघत नाहीत. १६७९ च्या लढाईत इंग्रजांची जहाजं समोर टपून होती आणि आपल्या लहान होड्या रात्री त्यांच्या नाकाखालून रसद पोचवत होत्या. किल्ला टिकला अंधाराच्या जोरावर, आणि त्याच्याच डोक्यावर साहेबाचा दिवा!

खारा वारा: वाक्य झकास आहे, कबूल. पण लोकांनी तोफा बघितल्या नाहीत हा गुन्हा मनोऱ्याचा?

निवांत: मुळात आता जीपीएस आहे. दिवा हवाय कुणाला?

थळकर: मला हवाय. मे अखेरीस बापासोबत मासेमारीला गेलो होतो. इंजिन बसलं, वारा फिरला, मोबाईल पाण्यात भिजून मेला. तेव्हा काय जीपीएस चाटायचं? बऱ्याच वेळाने लांब उजेड फिरताना दिसला. बाप एवढंच म्हणाला, "ती खांदेरी. म्हणजे घर त्या अंगाला." दिवा कुणी बांधला ते त्याने विचारलं नाही. घरी पोचल्यावर नारळ मात्र बेटावरच्या वेताळाच्या नावाने ठेवला.

मायनाकचा माणूस: दिवा दिवा काय करताय! १९९८ पासून त्या बेटाचं सरकारी नाव 'कान्होजी आंग्रे बेट' आहे, त्यावर कुणी बोलत नाही. सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख, कान्होजी थोर, वाद नाही. पण १६७९ मध्ये ते पोरवयाचे. भर पावसाळ्यात माणसं घेऊन बेटावर उतरला आणि इंग्रजांच्या डोळ्यांदेखत तट रचायला लागला तो महाराजांच्या आरमारातला मायनाक भंडारी. त्याचं नाव कुठाय?

दुर्गवेडा: अहो, बांधलं एकाने, राखलं दुसऱ्याने. १७१८ मध्ये मुंबईचा गव्हर्नर बून खांदेरीवर चालून आला आणि हात हलवत परत गेला. तेव्हा आरमार कुणाचं होतं?

मायनाकचा माणूस: म्हणजे पाया घालणारा गडी, आणि नाव सरखेलांचं! नेहमीचंच.

दुर्गवेडा: याला काही अर्थ आहे का? मी कान्होजींचं बोललो तर लगेच मी मायनाकाच्या विरोधात? तुम्हाला वाद घालायचाय की भांडण?

मायनाकचा माणूस: दोन्ही. चौथीच्या पुस्तकापासून ऐकतोय, सेनापती सगळे पाठ आणि दर्यावर्दी मात्र 'वगैरे'.

खारा वारा: धागा दीपगृहाचा होता हो...

निवांत: मग सरळ 'खांदेरी' म्हणा ना. दोघांचंही समाधान.

थळकर: आम्ही तेच म्हणतो. एकदा थळच्या तांडेलाला 'कान्होजी आंग्रे बेटावर ने' म्हणून बघा. आधी तुमच्याकडे बघेल, मग भाडं वाढवून सांगेल.

दुर्गवेडा: हाहा. बरं, तुमच्या बापासाठी मनोरा राहू दे. साहेबासाठी नाही. पण तोफांपाशी माहितीचा फलक हवाच.

मायनाकचा माणूस: त्यावर पहिलं नाव मायनाकाचं.

दुर्गवेडा: लिहा, लिहा. वर तुमचा फोटोही लावा.

थळकर: फलक हवे तेवढे लावा. येताना फक्त आपापली पाण्याची बाटली परत आणा. मागच्या खेपेला देवळामागून पोतंभर उचलल्या, त्यात भगवे झेंडे छापलेल्याही होत्या.