सोयाबीन-हरभरा सोडून काय घ्यावं? मातीचा रिपोर्ट आला, सल्ला पाहिजे

वावरवाला_कळमेश्वर
नमस्कार मंडळी. नागपूरजवळ कळमेश्वर बाजूला आमचं ७ एकर वावर आहे, काळी जमीन, विहीर आहे पण हरभऱ्याला दोन पाणी कसेबसे होतात. कित्येक वर्षं खरिपात सोयाबीन आणि मग हरभरा हेच चालू आहे, उतारा दरसाल कमी होऊन राहिला, जुलैत सोयाबीन पिवळं पडते आणि हरभऱ्याला मर लागते, झाडं सुकून मरतात. म्हणून माती तपासली. सामू (पीएच) ८.२, सेंद्रिय कर्ब ०.३८, स्फुरद कमी, पालाश भरपूर, जस्त ०.४, क्षारता नॉर्मल. कृषी केंद्रवाला म्हणते सामू जास्त आहे, जिप्सम टाका. बाबा म्हणतात सरळ पऱ्हाटी (कपाशी) लावा. काय करू?

धुऱ्यावरून
जिप्समचे पैसे आधी खिशात ठेवा. आपल्या काळ्या जमिनीत चुनखडी असतेच, त्यानं सामू ८ च्या वर राहतेच, जिप्समनं तो उतरत नाही. जिप्सम लागते जिथं सोडियम जास्त आहे, पूर्णा नदीच्या खारपाण पट्ट्यात वगैरे, आणि तेही सोडियम तपासून. तुमच्या रिपोर्टात सोडियम आहेच कुठं?

दुसरं, सात एकराचा नमुना एकच घेतला का? धुऱ्याजवळची भारी माती आणि चढावरची मुरमाड एका पिशवीत गेली असेल तर जो आकडा आला तो दोन्हीचा नाही.

काळी_माती
वरच्या भाऊंशी सहमत. मी म्हणेन पीक ठरवायच्या आधी चार-पाच ठिकाणी मुरूम लागेपर्यंत खड्डे खोदा. दीड फुटातच मुरूम लागला तिथं लांब मुदतीची तूर लावू नका, पाऊस गेला की ओल संपते आणि शेंगा भरायच्या वेळीच झाड सुकते. तिथं मूग, उडीद, नाहीतर लवकर येणारं सोयाबीन. तीन फुटाच्या वर माती असेल तिथं कपाशी आणि मधात तुरीचे तास. सगळ्या वावराला एकच पीक हा हट्टच चुकीचा आहे, बाबांना राग येऊ देऊ नका 😄

पिवळं पडायचं म्हणाल तर पानं नीट पहा. नवीन पानं पिवळी अन् शिरा हिरव्या असतील तर लोह मिळून नाही राहिलं, पाणी साचलं की चुनखडीच्या जमिनीत असं होते, वाफसा आला की बरंचसं सुधरते. फेरस सल्फेट मातीत टाकून फायदा नाही, फवारा, १० लिटरला ५० ग्रॅम. पण पिवळे-हिरवे चट्टे असतील तर तो मोझॅक हा विषाणूचा रोग आहे, पांढरी माशी पसरवते, तिथं खत काही कामाचं नाही, झाडं उपटा.

वावरवाला_कळमेश्वर
नमुना एकच घेतला होता जी. चढावर खरंच माती कमी आहे. पानांचं आता आठवत नाही. आणि खतात काय बदलू? डीएपी खत एकरी एक बॅग टाकतो.

काळी_माती
सोयाबीनला त्याऐवजी तीन बॅग सिंगल सुपर फॉस्फेट आणि २५ किलोच्या आसपास युरिया टाका, स्फुरद तेवढंच पडते, वरून गंधक मिळते जे डीएपीत नाही अन् तेलबियाला लागतेच. हमाली वाढते हे खरं. पालाश भरपूर आहे तर पोटॅश यंदा सोडा. जस्तासाठी झिंक सल्फेट एकरी १० किलो, शेणखतात मिसळून, सुपरसोबत नाही, आणि दरवर्षी नाही.

रोही_पीडित
सगळे रासायनिकच सांगून राहिले. कर्ब ०.३८ आहे बाप्पा, ०.५ च्या खाली म्हणजे कमीच, जमीन उपाशी आहे. सोयाबीनचं कुटार (भुसा) विकता की जाळता? ते वावरातच राहू द्या, अन् पुढं कपाशी लावली तर पऱ्हाट्या पेटवू नका, श्रेडरनं चुरा करा. शेणखत आता ट्रॉलीनं घ्यायचं म्हटलं तर परवडत नाही, त्यापेक्षा कपाशीच्या तासात बोरू (हिरवळीच्या खताचं पीक) पेरून फुलाआधी कापून तिथंच पसरवा.

आणि हरभऱ्याची मर त्याच जागी हरभरा लावत राहाल तोवर जात नाही, तिची बुरशी मातीत वर्षानुवर्षं टिकते. जाकी ९२१८ सारखं मर सहन करणारं वाण, बियाण्याला ट्रायकोडर्मा (मित्रबुरशी), हे ठीक आहे पण निम्म्या भागात दोन-तीन वर्षं जवस नाहीतर करडई घ्या, दोन पाण्यात निघते. एनएल-९७ हे जवसाचं वाण आपल्या नागपूरचंच. ज्वारी सगळ्यात चांगली होती, फेरपालटही अन् कडबाही, पण रोही (नीलगाय) आणि डुक्कर ठेवतात कुठं. नाव पाहून समजलाच असाल.

धुऱ्यावरून
कपाशी लावली तर डिसेंबरअखेर उपटायची, फरदड (तीच झाडं पुढंही ठेवून कापूस घेणं) ठेवायची नाही, गुलाबी बोंडअळी त्यातच पुढच्या सालासाठी राहते. बाबांना हे आधी सांगून ठेवा, कापूस झाडावर दिसत असताना कोणी उपटू देत नाही. चढावर कपाशीच पाहिजे असेल तर कमी उंचीच्या वाणाची सघन (दाट) लागवड, दोन तासांत ९० अन् दोन झाडांत १५ सेंमी, नागपूरला वर्धा रोडच्या कापूस संशोधन संस्थेत जाऊन विचारा, जवळच आहे.

वावरवाला_कळमेश्वर
जिप्सम कॅन्सल. या आठवड्यात खड्डे खोदतो आणि चढावरचा, खालचा असे दोन नमुने वेगळे देतो. कुटाराचं मात्र अवघड आहे, ते काकाच्या बैलांना जाते दरवर्षी. अर्धं मागून पाहतो.

रोही_पीडित
मग काकाकडून शेणखत घ्या, कुटाराच्या बदल्यात. फुकट कुटार देऊन विकतचं शेणखत आणू नका.