लोअरिंग स्प्रिंग टाकल्यापासून गाडी डावीकडे ओढून राहिली, मदत हवी आहे

भाऊ लोक, माझी २०१४ ची स्विफ्ट आहे, मागच्या महिन्यात चारही लोअरिंग स्प्रिंग आणि पुढचे स्ट्रट (स्प्रिंगसोबतचे शॉकअप) नवीन टाकले, गाडी साधारण दीड इंच खाली बसली, दिसते तर एकदम भारी, पण वर्धा रोडवर ८० च्या वर गेलं की डावीकडे ओढते अन् स्टिअरिंगही सरळ राहत नाही. अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) त्याच दिवशी केलं होतं, नवीन स्प्रिंग दबून सेट व्हायच्या आधीच, ती चूक माझीच. काल परत दाखवलं तर पुढचा कॅम्बर (चाकाचा वरून आत-बाहेर झुकाव) डावीकडे उणे १.८ अंश, उजवीकडे उणे १.१. दुकानवाला म्हणते टो (चाकांची तोंडं आत-बाहेर वळलेली असणं) सेट करून देतो, कॅम्बर या गाडीत होतच नाही. पण स्ट्रट खाली चाकाच्या नकलला जिथं जोडते तिथल्या दोनपैकी वरच्या बोल्टच्या जागी कॅम्बर बोल्ट (झुकाव कमी-जास्त करता येणारा बोल्ट) टाकून होते ना? डावा टायर आतून घासून राहिला, नवीन टायरचे पैसे नाहीत बाप्पा! मागे तर टॉर्शन बीम (दोन्ही चाकं जोडणारा एकच आडवा बीम) आहे, तिकडं काही करता येत नाही म्हणतात, शिम (पातळ पत्री) टाकून फरक पडते का? नागपुरात कॅम्बर बोल्ट नीट बसवून देणारा कोणी माहीत असेल तर सांगा, हिंगण्याकडं असला तर सोन्याहून पिवळं.