सफरचंदाच्या रसाचे नियमन : तपासणी बाटलीची करावी की त्याआधीच्या टप्प्यांची?

प्रश्न

मी अन्नप्रक्रिया आणि कृषिपणन या विषयांचा अभ्यास करतो. देशांतर्गत बाजारातील सफरचंदाच्या रसाचे नियमन कसे असावे, यावर टिपण लिहिताना माझ्या मनात दोन शंका आल्या. बहुतेक नियम बाटलीतल्या रसाची मोजमापे सांगतात. परंतु हा रस बहुधा कॉन्सन्ट्रेटमध्ये, म्हणजे आटवून घट्ट केलेल्या रसामध्ये, पाणी मिसळून तयार केलेला असतो आणि ते कॉन्सन्ट्रेट अनेक बागांच्या, कित्येकदा अनेक देशांच्या फळांपासून आलेले असते. अशा वेळी शेवटच्या बाटलीची तपासणी पुरेशी ठरते का? दुसरी शंका अशी, की स्वतःच्या बागेतील फळांचा ताजा रस काढून विकणाऱ्या लहान उत्पादकाला मोठ्या कारखान्याचेच नियम लावणे न्याय्य आहे का? जाणकारांनी कारणांसह मत द्यावे.

प्रतिसाद १

आपल्या पहिल्या शंकेचे माझे उत्तर स्पष्टपणे नकारार्थी आहे. बाटलीची तपासणी आवश्यक आहे, परंतु तिच्यावर सगळी भिस्त ठेवणारे नियमन फसते, आणि ते का फसते हे ब्रिक्सच्या, म्हणजे रसात विरघळलेल्या घटकांच्या (मुख्यतः साखरेच्या) टक्केवारीच्या, उदाहरणावरून समजते. कॉन्सन्ट्रेटपासून पुन्हा तयार केलेल्या सफरचंद रसासाठी कोडेक्सने (अन्नाची आंतरराष्ट्रीय मानके ठरवणाऱ्या संस्थेने) आणि अमेरिकेने किमान 11.5 ब्रिक्स, तर युरोपीय संघाने 11.2 ब्रिक्स ठरवले आहे. याचा उपयोग एवढाच, की विक्रेत्याला रसात वाटेल तितके पाणी घालता येत नाही. जो पाण्याबरोबर साखरही घालतो, त्याला हा आकडा मुळीच अडवत नाही.

म्हणून प्रयोगशाळा पुढची पावले टाकतात. ऊस आणि मका यांच्या साखरेतील कार्बनच्या समस्थानिकांचे (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंचे) प्रमाण सफरचंदातील साखरेपेक्षा वेगळे असते, त्यामुळे ती भेसळ पकडता येते. मात्र बीटची साखर या चाचणीतून निसटते, कारण प्रकाशसंश्लेषणाच्या दृष्टीने बीट आणि सफरचंद एकाच गटात मोडतात. तिच्यासाठी हायड्रोजनच्या समस्थानिकांवर आधारलेली, अधिक खर्चिक चाचणी करावी लागते. आंबटपणासाठी कृत्रिम मॅलिक आम्ल घातले असेल तर त्याचे डी-रूप सापडते, कारण फळात केवळ एल-रूप असते (ही दोन रूपे एकमेकांच्या आरशातील प्रतिबिंबासारखी असतात). थोडक्यात, प्रत्येक चाचणी एका विशिष्ट भेसळीवर बेतलेली असते आणि भेसळ करणारा चाचणीचे स्वरूप जाणून पुढची वाट शोधतो.

अमेरिकेतील बीच-नट कंपनीचे प्रकरण या संदर्भात अभ्यासण्यासारखे आहे. लहान मुलांसाठी शुद्ध सफरचंद रस म्हणून विकलेले पेय प्रत्यक्षात मुख्यतः साखर, पाणी आणि स्वादद्रव्ये यांचे मिश्रण होते; 1987 मध्ये कंपनीने गुन्हा कबूल केला आणि तिला 20 लाख डॉलर दंड झाला. ते कॉन्सन्ट्रेट बाजारभावापेक्षा स्वस्त मिळत होते आणि कंपनीच्याच संशोधन विभागातून 1981 मध्ये त्याबद्दल लेखी इशारा दिला गेला होता. माझ्या मते नियंत्रकाने प्रयोगशाळेच्या अहवालाइतकेच खरेदीच्या कागदांकडे लक्ष दिले पाहिजे. किती टन फळ आत आले, किती कॉन्सन्ट्रेट बाहेर गेले आणि कोणत्या भावाने, हा हिशेब जुळत नसेल तर कोणतीही चाचणी करण्यापूर्वीच संशयाला जागा आहे.

प्रतिसाद २

वरील विवेचनात प्रक्रियेच्या बाजूने एक भर घालतो. रसासाठी जाणारे सफरचंद बहुतांशी ताज्या बाजारात न खपणारे असते : आकाराने लहान, रंग न भरलेले, गारपिटीने डागाळलेले. यात काही वावगे नाही, उलट बागायतदाराचे नुकसान त्यामुळे कमी होते. अडचण सडक्या फळाची आहे. पेनिसिलियम एक्स्पान्सम ही बुरशी सडलेल्या भागात पॅट्युलिन नावाचे विष निर्माण करते आणि पाश्चरीकरणाच्या उष्णतेने ते पुरेसे नष्ट होत नाही. कोडेक्स, युरोपीय संघ आणि अमेरिका या तिघांनीही सफरचंद रसासाठी प्रति किलो 50 मायक्रोग्रॅम अशी मर्यादा घातली आहे. युरोपीय संघात शिशूंच्या आहारासाठी ती 10 आहे. ही मर्यादा पाळण्याचे खरे काम फळे धुण्याच्या आणि निवडण्याच्या पट्ट्यावरच होते. सडका भाग तेथे काढून टाकला नाही, तर पुढची यंत्रे कितीही आधुनिक असोत, उपयोग फार थोडा.

शिवाय दूषित कॉन्सन्ट्रेट स्वच्छ कॉन्सन्ट्रेटमध्ये मिसळून सरासरी मर्यादेखाली आणण्याचा मोह व्यापारात असतो. बाटलीची तपासणी हे मिश्रण ओळखू शकत नाही. म्हणूनच प्रत्येक खेपेची, मिसळण्यापूर्वीची नोंद कायद्याने सक्तीची असावी, असे माझे ठाम मत आहे.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

दोघांचेही आभार. स्वस्त आयातीचा मुद्दा येथे कसा बसतो? स्थानिक बागायतदार आयात शुल्क वाढवण्याची मागणी करतात. त्याचा गुणवत्तेशी काही संबंध आहे का?

प्रतिसाद ३

हे दोन प्रश्न वेगळे ठेवावेत. साधारण सहा किलो रस आटवला की 70 ब्रिक्सचे सुमारे एक किलो कॉन्सन्ट्रेट मिळते; वाहतुकीचा आणि साठवणीचा खर्च इतका घटतो, की दूरच्या देशातील मालही स्पर्धेत उतरतो आणि रसाच्या सफरचंदाचा स्थानिक भाव कॉन्सन्ट्रेटच्या जागतिक भावाशी बांधला जातो. अमेरिकेने 2000 मध्ये चिनी कॉन्सन्ट्रेटवर अँटी-डम्पिंग शुल्क (अवाजवी स्वस्त विकल्या जाणाऱ्या परदेशी मालावरील जादा आयात शुल्क) लावले, ते तेथील उत्पादकांच्या तक्रारीवरून आणि भावाच्या कारणाने. अशा शुल्काने बागायतदाराला काही काळ आधार मिळू शकतो, पण रस शुद्ध होत नाही; उलट शुल्कामुळे कॉन्सन्ट्रेट महाग झाले की साखरेच्या भेसळीतला नफा वाढतो, हेही ध्यानात घ्यावे.

गुणवत्तेचे निकष देशी आणि आयात मालाला सारखेच असावेत. अमेरिकेने सफरचंद रसातील अकार्बनी आर्सेनिकसाठी प्रति अब्ज 10 भाग ही पातळी 2013 मध्ये मसुद्यात मांडली आणि 2023 मध्ये अंतिम केली. आर्सेनिक केवळ परक्या मालात असते असा समज चुकीचा आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतल्याच बागांमध्ये लेड आर्सेनेटची फवारणी सर्रास होत असे आणि त्याचे अवशेष अशा जमिनींत अजून टिकून आहेत. ग्राहकासाठी कॉन्सन्ट्रेट कोणत्या देशातून आले हे लेबलवर ठळकपणे छापणे मला शुल्कापेक्षा अधिक उपयुक्त वाटते.

प्रतिसाद ४

आपल्या दुसऱ्या शंकेकडे अद्याप कोणी वळलेले नाही, म्हणून लिहितो. 1996 मध्ये पश्चिम अमेरिकेत आणि कॅनडात पाश्चरीकरण न केलेल्या सफरचंद रसातून ई. कोलाय ओ157:एच7 या जिवाणूची साथ पसरली आणि एका बालकाचा मृत्यू झाला. त्यापूर्वी आम्लधर्मी रस पुरेसा सुरक्षित असतो असा सर्वसाधारण विश्वास होता, परंतु हा जिवाणू त्या आम्लतेतही तग धरतो. त्यानंतर 2001 मध्ये अमेरिकेने रस उत्पादकांसाठी एचएसीसीपी ही, प्रक्रियेतील धोक्याचे टप्पे आधीच ओळखून त्यांवर नियंत्रण ठेवण्याची, पद्धत बंधनकारक केली. त्यानुसार प्रक्रियेने घातक जिवाणूंची संख्या एक लक्षांशावर आणणे आवश्यक आहे. स्वतः रस काढून थेट ग्राहकाला विकणाऱ्यांना मात्र यातून सूट मिळाली, आणि त्यांच्या प्रक्रिया न केलेल्या बाटलीबंद रसावर इशारा छापणे आवश्यक ठरले.

ही सूट मला पटत नाही. जिवाणूला उत्पादकाचा आकार कळत नाही आणि ताजा रस विश्वासाने पिणाऱ्यांत मुले अधिक असतात. लहान उत्पादकाची कागदपत्रे कमी करावीत, परवाना शुल्क घटवावे, तपासणीचा खर्च सरकारने उचलावा. पण जिवाणू घटवण्याची अट सर्वांना एकच असावी. त्या नियमातील एक गोष्ट मात्र अनुकरणीय आहे : तो परिणाम सांगतो, यंत्र सांगत नाही. त्यामुळे चव बदलणारी उष्णता टाळून अतिनील किरणांचा मार्गही खुला राहतो, आणि अमेरिकेत रसासाठी त्याला 2000 मध्येच मान्यता मिळाली आहे. गढूळ रसात हे किरण खोलवर पोहोचत नाहीत, म्हणून नळीतून जाणारा रस संथ वाहता कामा नये, त्याचा प्रवाह खळबळता हवा, अशी अट त्या मान्यतेतच आहे. लहान उत्पादक असे उपकरण घेणार असेल, तर विक्रेत्याने आपल्याच रसाच्या गढूळपणावर चाचणी करून दाखवावी, असा आग्रह त्याने धरावा. स्वच्छ पाण्यावर मिळालेले निष्कर्ष येथे लागू पडत नाहीत.