मदत हवी आहे: हँडब्रेक पूर्ण ओढला तरी गाडी उतारावर सरकते

तांबडी माती
हँडब्रेक लागत नाहीये. पूर्ण वर ओढला तरी गाडी हळूहळू सरकते. दोनदा केबल टाइट करून घेतली, आठ दिवस बरं चालतं की परत तेच. नवीन केबल टाकू का? शुक्रवारी घाट चढून जायचंय, बाबा बरोबर आहेत, कोणाला नक्की माहिती असेल तर लवकर सांगा.

पाना दहाअकरा
अरे गाडी कुठली, साल काय, मागचे ब्रेक ड्रमचे (बंद डब्यासारखे) आहेत की डिस्कचे (उघड्या चकतीचे)? आणि ओढल्यावर किती टिकटिक होते? एवढं तरी लिही ना भाऊ, नाहीतर आम्ही काय सांगणार.

घाटमाथा
सरळ नवीन घे. आता चढावर निघताना गाडी क्षणभर धरून ठेवणारं हिल होल्ड येतं, माझ्या गाडीला आहे, निघताना हँडब्रेकला हात लावावा लागत नाही. जुन्यात पैसे घालून काही उपयोग नाही.

तांबडी माती
मारुती ८००, २००६ ची. मागे ड्रम. टिकटिक मोजली आत्ता, अकरा, त्यापुढे लिव्हर जातच नाही. दुसऱ्यांदा टाइट केली तेव्हा चारवर आला होता. चिपळूणजवळ राहतो, घर चढावर आहे, अंगणातून रस्त्यापर्यंत उतारच. परवा आई मागच्या सीटवर पिशव्या ठेवत होती तेव्हा गाडी मागे गेली, गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, लागून थांबली. कोणाला लागलं नाही पण तेव्हापासून मी मागच्या चाकाला अख्खा चिरा लावूनच ठेवतो. नवीन घेण्याचा विषय नाही, ही बाबांची गाडी आहे आणि इंजिन अजून एक नंबर आहे.

पाना दहाअकरा
केबल ताणली गेलीय. कोकणात पाऊस बघता आतली तार गंजून लांबते. नवीन जोडी टाक, विषय संपला. माझ्या झेनला हेच झालेलं.

मोती तलाव
@पाना, तार गंजली तर अडकते रे, लांबत नाही. अडकली तर हँडब्रेक सोडल्यावर पण चाक जाम राहतं, ड्रम तापतो. तांबडी माती, लांब फिरून आल्यावर मागच्या दोन्ही रिमना हात लावून बघ, एक गरम आणि एक गार लागतंय का.

पाना दहाअकरा
लांबते पण. माझी लांबलेली होती, नवीनशी शेजारी धरून बघितलीय मी.

निवृत्त फिटर
एसटीच्या डेपोत ३१ वर्षं काढली, त्या गाड्यांचे ब्रेक वेगळे, हवेचे, पण निवृत्त झाल्यावर गेली नऊ वर्षं घरच्या पडवीत छोट्या गाड्यांचंच काम करतो म्हणून लिहितो.

बाळा, केबल शेवटी. आधी ड्रम उघड. तुमच्याकडे ज्याने कोणी दोनदा नुसता लिव्हरखालचा नट आवळला त्याने मूळ दुखणं झाकलं. हँडब्रेकची केबल चाकात जाऊन एक छोटी लिव्हर ओढते, ती लिव्हर दोन्ही शू, म्हणजे ड्रमला आतून घासणाऱ्या अर्धगोल पट्ट्या, फाकवून ड्रमला चिकटवते. शू झिजले की ड्रम आणि शू यांच्यातली फट वाढते, मग केबलला जास्त ओढावं लागतं, म्हणून टिकटिक वाढते. ही फट शूच्या अॅडजस्टरवर कमी करायची असते. केबल आवळून कमी केली तर आतली लिव्हर कायम थोडी ओढलेली राहते, आणि आपोआप अॅडजस्ट होणारा प्रकार असेल तर तो काम करणंच सोडतो. मग फट वाढत जाते आणि आठ दिवसांनी तुम्ही परत नट आवळायला जाता.

म्हणून क्रम असा. नट पूर्ण ढिला कर, ड्रम काढ, शू बघ, शूंना ऑइलच्या दाबाने ढकलणारा सिलिंडर बघ, शू अॅडजस्ट कर, ड्रम परत बसव, पायातला ब्रेक चारपाच वेळा दाबून शू मध्यावर बसू दे, आणि मग केबल. हँडब्रेक सोडलेला असताना चाक हाताने मोकळं फिरलं पाहिजे. दोनतीन टिकटिकला हलकं घासलं पाहिजे, सहासातला दोन्ही चाकं सारखीच जाम झाली पाहिजेत. सारखीच हे महत्त्वाचं.

आता मला तीन गोष्टी सांग. ब्रेकचा पाय, म्हणजे पेडल, पूर्वीपेक्षा खाली जातो का? ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढते का? आणि बोनेट उघडून ब्रेक ऑइलची बाटली बघ, पातळी कुठे आहे.

श्रावणधारा
आमच्याकडे मंडणगडला पावसात रात्रभर हँडब्रेक लावून ठेवला की सकाळी शू ड्रमला चिकटतो, गाडी निघताना खाट्कन आवाज येतो. म्हणून मी पावसाळ्यात हँडब्रेक लावतच नाही, गिअरमध्ये ठेवते. तुम्ही पण तसंच करा, मग दुरुस्तीची गरजच नाही.

मोती तलाव
ताई, सपाटीवर ठीक आहे, त्यांच्या घरापुढे उतार आहे. नुसता गिअर म्हणजे सगळा भार इंजिनवर, कोणी क्लच दाबला किंवा गिअर काढला की गाडी गेली. लहान मूल गाडीत खेळत असेल तर?

श्रावणधारा
मी दगडही लावते हो.

उत्तरेचा वारा
मी जर्मनीत असतो. इथे तीन वर्षांवरच्या गाडीला दर दोन वर्षांनी तपासणी लागते, त्यात मागची चाकं रोलरवर ठेवून हँडब्रेक ओढायला लावतात आणि डावं उजवं चाक वेगवेगळं मोजतात. फरक जास्त आला तर नापास. माझी जुनी गाडी असाच फरक आला म्हणून परत पाठवली होती, केबल एकदम चांगली होती, एका बाजूचा सिलिंडर गळत होता. फिटर काकांशी सहमत.

घाटमाथा
इथे पासिंगला कोण एवढं बघतं.

उत्तरेचा वारा
बघत नसतील तर आपण बघायचं. गाडीत आपलीच माणसं बसतात.

तांबडी माती
काका, पाय खाली जातो, हो. मला वाटलं सवय झाली असेल. ओढत वगैरे नाही, निदान कोरड्या रस्त्यावर नाही. ऑइल बघितलं, खालच्या रेघेच्या खाली आहे. अजून एक राहिलं सांगायचं, वळणावर हँडब्रेकचा लाल दिवा क्षणभर लागतो आणि जातो, दोनतीन महिने झाले, मी समजत होतो लिव्हरखालचा स्विच खराब आहे म्हणून लक्षच दिलं नाही.

निवृत्त फिटर
हे आधी सांगायचं होतंस. बऱ्याच गाड्यांत तोच दिवा ऑइल कमी झाल्यावरही लागतो. वळणावर बाटलीतलं ऑइल एका बाजूला जातं, आतला फ्लोट खाली बसतो, दिवा लागतो, गाडी सरळ झाली की विझतो. शू झिजले तरी पातळी थोडी उतरते, पण रेघेखाली गेली म्हणजे कुठेतरी गळतीची शंका घेतलीच पाहिजे. चारही चाकांच्या आतल्या बाजूला टायरवर ओलसर काळे ओघळ आहेत का बघ. शुक्रवारच्या आत ड्रम उघडल्याशिवाय घाटात जाऊ नकोस. हा आता हँडब्रेकचा प्रश्न राहिला नाही, पायातल्या ब्रेकचा झाला.

नुसतं ऑइल भरून दिवा विझवू नकोस.

पाना दहाअकरा
काका म्हणतात ते बरोबर असेल, माझ्या केसमध्ये गळती नव्हती म्हणून मी केबल म्हटलं. शू ऑइलने भिजले असतील तर पेट्रोलने धुऊन पॉलिश पेपर मार, माझ्या मेकॅनिकने तसंच करून दिलेलं, दोन वर्षं चाललं.

निवृत्त फिटर
नको. शूवरचं घासणारं लायनिंग ऑइल पितं. वरून धुतलं की कोरडं दिसतं, दोनचार ब्रेक मारून तापलं की आतलं परत वर येतं. भिजलेला शू फेकायचा, आणि एका बाजूचा फेकला तर दुसऱ्या बाजूचाही नवीन, नाहीतर गाडी ओढणार. पॉलिश पेपर फक्त गुळगुळीत झालेल्या कोरड्या शूला.

पाना दहाअकरा
दोन वर्षं चाललं काका, खोटं कशाला सांगू.

निवृत्त फिटर
चाललं असेल. कुंभार्ली घाट उतरताना चालतं का ते बघायची वेळ याच्यावर येऊ नये एवढंच म्हणणं आहे.

मोती तलाव
घरी उघडणार असशील तर दोन गोष्टी. हँडब्रेक नाही म्हणजे गाडी जॅकवरून सरकू शकते, त्यामुळे सपाट जागा, पुढच्या दोन्ही चाकांना मागूनपुढून दगड, आणि जॅकवर भरवसा नाही, खाली घोडा (लोखंडी टेकू) लावायचाच. दुसरं, ड्रममधली काळी पूड हवेने किंवा फुंकून उडवू नकोस, जुन्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं, ओल्या फडक्याने पूस.

घाटमाथा
विषय निघालाच आहे तर, कुंभार्लीचा रस्ता सध्या कसा आहे? आम्ही रविवारी कोयनेला जातोय.

श्रावणधारा
वरच्या वळणांवर खड्डे आहेत, धुकं पण खूप. अंधार पडायच्या आत उतरा.

तांबडी माती
गुरुवार रात्र. दुसऱ्या गॅरेजमध्ये नेली, मी समोर उभा राहिलो. उजवा ड्रम निघाला, शू पातळ झालेले पण कोरडे. डावा निघता निघेना, कडेला झिजून ओठ तयार झालेला, नट ढिला करून हळूहळू ठोकत काढला. आत बघून पोटात गोळा आला. शू काळे, चकचकीत, हात लावला तर तुपासारखं बोटाला लागलं. मेकॅनिकने सिलिंडरचं रबर नखाने जरा मागे केलं आणि आतून ऑइलची धार खाली आली. म्हणजे डावं चाक जवळजवळ धरतच नव्हतं, सगळं उजव्यावर चाललेलं. आणि मी दोनदा केबल आवळायला पैसे दिले.

दोन्ही बाजूचे शू, दोन्ही सिलिंडर, सगळं ऑइल नवीन, ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढली. मजुरीसकट तीन हजाराच्या आसपास. ऑइल बाटलीवर लिहिलं होतं तेच, डॉट ३, घातलं. शेवटी केबल. आता सहा टिकटिकला दोन्ही चाकं जाम होतात, मी स्वतः हाताने फिरवून बघितली. पाय पण वर आला, बाबा गाडीत बसल्या बसल्या म्हणाले ब्रेक वेगळाच लागतोय.

घरी उतारावर लावून बघितली. बाबा आत, पाय ब्रेकवर, मी बाजूला चिरा घेऊन उभा. पाय काढला, जागची हलली नाही. दहा मिनिटं तशीच ठेवली.

उजवी केबल सोडल्यावर जरा सावकाश परत येते, मेकॅनिक म्हणतो आत गंज आहे, चिपळुणात मिळाली नाही, सोमवारी येईल. तोवर जाऊ का घाटात?

निवृत्त फिटर
शाबास. पाय पक्का असेल, खाली जात नसेल, तर जा. पण उद्या सकाळी आधी गावातच वीसपंचवीस किलोमीटर फिरव, हळूहळू ब्रेक मारत, नवीन शू ड्रमला बसायला वेळ लागतो. मग थांबून मागच्या दोन्ही रिमना हात लाव. उजवं जास्त गरम लागलं तर केबल अडकतेय, मग घाट नको. बाटलीची पातळी आज रात्री रेघ मारून ठेव आणि सकाळी बघ.

थांबवताना चढावर तोंड असेल तर पहिला गिअर, उतारावर असेल तर रिव्हर्स, आणि पुढची चाकं गडग्याकडे वळवून. चिरा काढू नकोस अजून.

तांबडी माती
रेघ मारली काका. चिरा आहे तिथेच आहे.

पाना दहाअकरा
काका, माझ्या झेनचे ते धुतलेले शू उघडून बघू का मग? अजून तेच आहेत.