मदत हवी आहे : उमेदवार आणि मतदार दोघांना एकच प्रश्नावली दिली, सगळेच 'पूर्ण सहमत' म्हणताय

नमस्कार मंडळी, एम.ए. राज्यशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे, प्रोजेक्टसाठी अमळनेर तालुक्यात सर्वे करतोय. झेडपीला उभे राहणारे आणि त्यांना मत देणारे यांचे विचार किती जुळतात ते बघायचंय. प्रश्न दोघांना तेच, 'पूर्ण सहमत' ते 'पूर्ण असहमत' पाच पर्याय.

आता 'पाडळसे धरण लवकर पूर्ण व्हावं' याला नाही कोण म्हणणार? कापसाला भाव मिळावा, सहमत. उमेदवार सहमत, मतदार सहमत, म्हणजे कागदावर आमच्या तालुक्यात रामराज्य! सर म्हणे प्रश्न बदल, कसे बदलू ते काही सांगत नाही.

त्यात उमेदवार स्वतः फॉर्म भरतच नाही, कार्यकर्त्याच्या हातात देतो आणि तो चहा पिता पिता धडाधड टिका मारून मोकळा. मतदारांची वेगळीच तऱ्हा, एका घरी बाईंना लाडकी बहीणबद्दल विचारलं तर उत्तर ओट्यावरून सासऱ्याने दिलं, त्या नुसत्या ज्वारी पाखडत राहिल्या. बाकीचे म्हणताय "आमले काय कयस भाऊ, तुम्हीच लिखी ल्या".

मिलर आणि स्टोक्सचा १९६३ चा अमेरिकेवरचा लेख वाचला, त्यात प्रतिनिधींना त्यांचं स्वतःचं मत तर विचारलंच, वर 'तुमच्या भागातल्या लोकांना काय वाटत असेल' हेही विचारलेलं. हे इथे चालेल का? आणि उमेदवार मूठभर, मतदार ढीगभर, सरासरीला सरासरी लावली तर चालते का?

प्रतिसाद १
चालेल की, मजा त्यातच येईल. पण आधी प्रश्नात पेच टाक भाऊ. लाडकी बहीणचे महिन्याचे १५०० चालू ठेवायचे की तो पैसा आधी धरणाला? दोन्ही नाही, एकच. कापसाचं म्हणशील तर २०२५ मध्ये बाहेरच्या कापसावरची ११ टक्के ड्युटी काही महिने काढली होती, गिरण्या खुश, शेतकरी नाराज, त्यावर विचार.
सरासरीच्या नादी लागू नको, निम्मे १ आणि निम्मे ५ म्हणाले तरी सरासरी ३ च येते. एकेक उमेदवार घे, त्याच्याच गटातले मतदार घे, त्यात त्याला मत दिलेले वेगळे काढ आणि किती टक्क्यांचं उत्तर त्याच्याशी जुळतं ते बघ.
मत कोणाला दिलं ते तोंडी विचारू नको. निवडणुकीचे सर्वे करणारे लोकनीतीवाले नकली मतपत्रिका आणि पेटी सोबत नेतात, सासरा ओट्यावर बसला तरी फरक पडत नाही.

धागाकर्ता
धन्यवाद दादा, पेटीचं भारी आहे, बुटाच्या खोक्याची करतो. पण कार्यकर्त्याला बाजूला कसं करू? तो उमेदवाराच्या गाडीतून उतरतच नाही.