कंपाउंड बो: ३० यार्डवर ब्रॉडहेड डावीकडे आणि खाली, फील्ड पॉइंट मात्र मध्यात

तळ्याकाठचा

मंडळी, मिशिगनमध्ये हरणांचा धनुष्य-हंगाम १ ऑक्टोबरला उघडतो, हातात जेमतेम तीन आठवडे आहेत. माहिती सगळी देतो.

उजव्या हाताचा बो, लिंबांच्या (बोच्या लवणाऱ्या हातांच्या) टोकांना दोन कॅम (चाकं), प्रत्येक केबलच्या एका टोकाला योक, म्हणजे एक्सलला (कॅमच्या आसाला) दोन बाजूंनी अडकणारे दोन पाय. ओढ २९ इंच, ओढायचं वजन ६५ पौंड. बाण कार्बनचा, ३४० स्पाइन (ताठपणाचा आकडा, कमी तितका बाण ताठ), २९ इंच कापलेला, पुढे १२५ ग्रेन वजनाचं टोक. रेस्ट (बाणाचा टेकू) केबलवर चालणारा ड्रॉप-अवे, म्हणजे बाण सुटताना खाली पडणारा. ऑगस्टमध्ये स्ट्रिंग आणि दोन्ही केबल नवीन बसवल्या, त्यानंतर दीडेकशे बाण झाले.

फील्ड पॉइंट (सरावाची साधी टोकं) ३० यार्डवर तीन इंचांत पडतात. त्याच बाणांना तीन पात्यांचं, १२५ ग्रेनचंच फिक्स्ड ब्रॉडहेड (शिकारीचं, न मिटणाऱ्या पात्यांचं टोक) लावलं की सहा इंच डावीकडे आणि तीन इंच खाली. गट तसा घट्ट आहे, फक्त भलत्या जागी. ताणलेल्या कागदातून बाण मारला की शेपूट अर्धा इंच वर आणि पाव इंच उजवीकडे फाडतं. शिवाय पीप (स्ट्रिंगमधलं नेम धरायचं भोक) फिरतो, पूर्ण ओढल्यावर कधी तिरका दिसतो.

साइट हलवून ब्रॉडहेडवर झिरो करून टाकू का? की रेस्ट सरकवू?

पीळ_मोजणारा

साइटला अजिबात हात लावू नका. दोन्ही टोकं वेगवेगळ्या ठिकाणी पडतात याचा अर्थ बाण बोतून तिरका निघतोय. फील्ड पॉइंटला पुढे पंख नसतात, मागच्या वेन (बाणाचे पंख) त्याला लवकर सरळ करतात. ब्रॉडहेडला पुढेही पाती आहेत. बाण तिरका निघाला की तीही हवेत बाणाला वळवायला लागतात आणि तो टोकाच्या दिशेने घसरत जातो. शेपूट वर म्हणजे टोक खाली, शेपूट उजवीकडे म्हणजे टोक डावीकडे. तुमचा कागद आणि तुमचा गट एकच गोष्ट सांगतायत.

रेस्टही इतक्यात हलवू नका. नव्या केबल आणि दीडशे बाण म्हणजे त्या ताणल्या असणारच. फिरणारा पीपही तेच सांगतो. आधी हे मोजून इथे टाका:

१. वरच्या एक्सलपासून खालच्या एक्सलपर्यंतचं अंतर, म्हणजे एटीए. मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडून पाहा.
२. ब्रेस हाइट, म्हणजे न ओढलेल्या स्ट्रिंगपासून ग्रिपच्या खोलगट भागापर्यंतचं अंतर.
३. आजचं वजन, तराजूवर.
४. कॅमचं टायमिंग. दुसऱ्या माणसाला बाजूला उभं करा, तुम्ही सावकाश पूर्ण ओढा आणि दोन्ही ड्रॉ स्टॉप (ओढ थांबवणाऱ्या कॅमवरच्या खुंट्या) केबलला एकाच वेळी टेकतात का ते त्याला बघू द्या. एक आधी टेकला तर दुसऱ्यात किती फट उरते तेही. बाण लावून, समोर टार्गेट ठेवूनच ओढायचं. हातातून रिलीज (स्ट्रिंग धरायचा चाप) सुटला आणि बोवर बाण नसला, तर लिंब नाहीतर कॅम गेला म्हणून समजा.

केबलगार्ड

वरचं सगळं बरोबर, पण त्याआधी पाच मिनिटांची एक तपासणी. बाण स्पिनरवर ठेवून फिरवा आणि ब्रॉडहेडच्या टोकाकडे बघा. टोक जागच्या जागी फिरलं पाहिजे. डोळ्यांना बारीक वर्तुळ दिसलं तर इन्सर्ट (टोक बसवायचा बाणातला तुकडा) वाकडा बसलाय किंवा बाणाचं तोंड काटकोनात कापलेलं नाही. असे बाण बाजूला काढा, त्यांच्यावर ट्यूनिंग म्हणजे वाळूत रेघा. तुमचा गट घट्ट आहे म्हणता, तेव्हा बहुतेक बाण ठीकच असतील, पण डझनात एखादा निघतोच.

दुसरं, वेन रेस्टला घासतात का? पायाला मारायची पांढरी पावडर मिळते स्प्रेच्या डब्यात, ती वेनवर आणि रेस्टवर पातळ फवारा, एक बाण मारा. वेनच्या कडेला पावडर पुसलेली रेघ दिसली तर घासतंय. केबलवर चालणाऱ्या ड्रॉप-अवेची दोरी नव्या केबलबरोबर हमखास सरकते. रेस्ट ओढीच्या शेवटच्या एक-दोन इंचांत पूर्ण वर आला पाहिजे. त्याच्या बराच आधी वर येत असेल तर सुटताना तो खाली पडायलाही उशीर करतो आणि शेपूट त्याच्यावर आपटून वर उडतं. तुमच्या अर्ध्या इंचाच्या फाटीतला काही भाग इथलाही असू शकतो.

सातारी_नेम

आमच्याकडे भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे शिकार नाही, ब्रॉडहेड कोणी लावत नाही. पण ५० मीटरच्या टार्गेट कंपाउंडला (६० पौंडांची मर्यादा) हाच रोग बेअर शाफ्टवर (वेन नसलेल्या बाणावर) दिसतो, म्हणून दोन गोष्टी.

पकड बघा. ग्रिपचा दाब अंगठ्याखालच्या मांसल भागावर, जीवनरेषेच्या आत हवा. तळहाताची बाहेरची कड ग्रिपला टेकली की बो पिळला जातो आणि कागदावर आडवी फाट येते, ती कुठल्याही स्क्रूने जात नाही. दुसरं, स्ट्रिंग गालात किती रुतते? केबल ताणल्या की ओढ थोडी लांबते आणि तोंड स्ट्रिंगवर जास्त दाबलं जातं. नाकाचं टोक स्ट्रिंगला जेमतेम लागलं पाहिजे. ओढ पाव इंच जरी लांब झाली असली तरी आडवी फाट त्यातून येऊ शकते.

कागदावर सलग पाच बाण मारा. पाचही फाटी सारख्या आल्या तर दोष बोचा. एक डावीकडे, एक उजवीकडे, एक स्वच्छ भोक असं आलं तर दोष हाताचा, आणि मग बोला हात लावण्यात अर्थ नाही.

तळ्याकाठचा

मोजलं. एटीए ३३ इंच हवा, ३३ १/४ आहे. ब्रेस हाइट ठीक. वजन ६५ वरून ६३ वर उतरलंय. वरचा स्टॉप आधी टेकतो, खालच्यात तेव्हा ३/१६ इंच फट. कागदावर पाचही बाण सारखेच फाडतात, शेपूट वर आणि उजवीकडे. पावडर एका वेनवर पुसलेली दिसली. एक बाण स्पिनरवर डगमगतो, तो काढला.

पीळ_मोजणारा

मग सापडलं. केबल सैल झाल्या की लिंब उलगडतात, एटीए वाढतो, वजन उतरतं. त्यात दोन्ही केबल सारख्या ताणल्या जात नाहीत, म्हणून कॅम मागेपुढे. एक कॅम पुढे पळाला की नॉक (बाणाची स्ट्रिंगवर बसणारी खाच) सरळ रेषेत न येता वरखाली होत येतो आणि उभी फाट येते. ती रेस्ट वर-खाली करून झाकता येते, पण दोष आतच राहतो.

आता प्रेसवर, म्हणजे लिंब दाबून स्ट्रिंग-केबल सैल करणाऱ्या यंत्रावर. प्रेस तुमच्या लिंबांना चालणारा हवा. नसेल तर दुकानात न्या, घरी जुगाड करू नका. जो कॅम आधी टेकतो, त्याच कॅमवर अडकलेल्या केबलला पीळ वाढवायचा, म्हणजे तो कॅम मागे पडतो. तुमच्या बाबतीत वरच्या कॅमची केबल, जिचे योक खालच्या एक्सलवर आहेत ती. एक पूर्ण पीळ द्या, प्रेस सोडा, पुन्हा ओढून बघा. टायमिंग जुळलं की एटीए ३३ वर येईपर्यंत दोन्ही केबलना सारखाच पीळ. १/८ इंच इकडे-तिकडे चालेल. योक असेल तर पीळ दोन्ही पायांना सारखा द्या, नाहीतर कॅम कलतो.

पीप शेवटी बघा. पीपच्या वरच्या किंवा खालच्या भागात स्ट्रिंगला अर्धा पीळ, बस. आधी केलात तर केबल हलवल्यावर पुन्हा फिरेल.

मग नॉक. बाण बर्जर होलच्या (रायझरमधल्या, म्हणजे बोच्या मधल्या दांड्यातल्या, रेस्ट बसवायच्या भोकाच्या) मध्यातून जावा, स्ट्रिंगशी काटकोनात किंवा नॉक १/१६ इंच वर. सेंटर शॉट, म्हणजे बाणाची आडवी जागा, बऱ्याच बोंवर रायझरपासून बाणाच्या मध्यापर्यंत १३/१६ इंच असतो, तुमच्या मॅन्युअलमधला आकडा घ्या. आणि रेस्टची दोरी पुन्हा बांधा, ती आता नक्कीच चुकीच्या जागी असेल.

तळ्याकाठचा

केलं. वरच्या केबलला दीड पीळ, मग दोन्हींना एकेक. एटीए ३३, वजन ६५, दोन्ही स्टॉप एकत्र टेकतात. दोरी नव्याने बांधली, पावडर आता पुसली जात नाही. उभी फाट पूर्ण गेली! आडवी जेमतेम १/८ इंच, शेपूट उजवीकडेच. ब्रॉडहेड उंचीला बरोबर, पण अजून दोन इंच डावीकडे.

केबलगार्ड

आता रेस्टची पाळी. ब्रॉडहेडला जिकडे न्यायचंय तिकडे रेस्ट सरकवायचा. डावीकडे पडतायत, तर रेस्ट उजवीकडे, रायझरच्या दिशेने, एका वेळी १/६४ इंच. दोन फील्ड, दोन ब्रॉडहेड मारा, बघा, पुन्हा सरकवा. आडव्या फाटीचे तक्ते जागोजागी उलटसुलट सापडतील, काहींत उजव्या फाटीला रेस्ट डावीकडे न्या असं लिहिलेलं असतं. अंतिम निकाल ब्रॉडहेडचा, कागदाचा नाही.

रेस्ट सेंटर शॉटपासून १/१६ पेक्षा जास्त दूर जायला लागला तर थांबा. मग उजव्या योकला अर्धा पीळ वाढवा, डाव्याचा अर्धा काढा, आणि रेस्ट परत जागेवर. तेही पुरलं नाही तर स्पाइन बघा. २९ इंच, ६५ पौंड आणि १२५ ग्रेनला ३४० काठावर बसतो. ३०० चे दोन बाण उसने घेऊन मारलेत तर उत्तर लगेच मिळेल.

ब्रॉडहेडचे दोन बाण एकाच ठिपक्यावर मारू नका, वेन आणि बाण दोन्ही कापले जातात. फोममध्ये वेगवेगळे ठिपके धरा. आणि मिशिगनच्या नियमात पातं किमान ७/८ इंच रुंद लागतं, तेवढं एकदा पट्टीने मोजून घ्या.

तळ्याकाठचा

रेस्ट दोनदा सरकवला, एकूण १/३२. ३० यार्डवर चार बाण, दोन-दोन, आता एकाच मुठीएवढ्या जागेत. ४० वर उद्या.

पीळ_मोजणारा

४० वरही जुळले की मग साइट. आणि केबलवर एक्सलजवळ पांढऱ्या मार्करने कॅमच्या कडेशी जुळणारी बारीक खूण करून ठेवा. हंगामात खूण सरकलेली दिसली की केबल पुन्हा ताणली, प्रेस लागेल.